वावर विकून स्टेम सेल करावं का? बाबांच्या पोटाच्या कॅन्सरबद्दल आलेल्या एका पत्राला उत्तर

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलंय. नाव-गाव काढून थोडक्यात सांगते.

लिहिणारा मुलगा २७ वर्षांचा, घरी कोरडवाहू ४ एकर. बाबा ५८ चे. त्यांना वर्षभर पोटात जळजळ होती, गॅस असेल म्हणून मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. मग दोन घासांत पोट भरायला लागलं, वजन उतरलं, शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा नागपूरला नेलं. दुर्बीण टाकून तुकडा काढला, जठराचा कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये आजूबाजूच्या गाठींत गेलेला दिसतोय पण लिव्हर-फुफ्फुसात नाही. डॉक्टर म्हणाले आधी ४ किमो, मग ऑपरेशन, मग परत ४ किमो, आणि सगळं सरकारी योजनेत बसतंय. इतक्यात नात्यातल्या एका जावयानं मोठ्या शहरातल्या एका सेंटरचं नाव सांगितलं. तिथं पेशंटच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून परत अंगात सोडतात, पोट आतून नवीन तयार होते, किमोची गरज पडत नाही म्हणे. खर्च ८ लाख. दोन एकराला गिऱ्हाईक तयार आहे. बाजूच्या गावातलं सिकलसेलचं पोरगं स्टेम सेलनंच बरं झालं हे यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बाबांना कॅन्सर सांगितलेला नाही, अल्सर आहे एवढंच सांगितलंय. शेवटी लिहितात, "ताई, फुकटच्या किमोवर बाबाले सोडलं अन् काही झालं तं लोकं म्हणतीन पोट्ट्यानं वावर वाचवलं, बाप नाही वाचवला. काय करू?"

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. या कामासाठी वावर विकू नका, इसार घेतला नसेल तर घेऊ नका, आणि किमोची जी तारीख मिळाली ती चुकवू नका. आता का ते सांगते, आणि हे जरा लांबणार आहे, कारण नुसतं नाही म्हटलं तर तुमच्या मनातली टोचणी जाणार नाही, उद्या जावई परत फोन करतील आणि तुम्ही परत त्याच जागी येऊन बसाल. मी डॉक्टर नाही, कॅन्सरच्या वॉर्डात पेशंट आणि नातेवाइकांसोबत समाजसेवक म्हणून काम केलेली बाई आहे, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण अशा निर्णयाच्या आजूबाजूला घरात काय काय होतं ते मला माहीत आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरूनच चालले आहात, की स्टेम सेल म्हणजे औषध. पोटाच्या कॅन्सरमध्ये चित्र जवळजवळ उलटं आहे. आपल्या जठराचं आतलं अस्तर ॲसिडमध्ये राहतं, वरच्या पेशी काही दिवसांतच झिजून पडतात आणि नव्या येतात. या नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी अस्तरातल्या बारीक ग्रंथींमध्ये बसलेल्या असतात, त्याच स्टेम सेल. म्हणजे त्या बाबांच्या पोटात जन्मापासून आहेत, बाहेरून कोणी आणून सोडायची गरज नाही. आणि बाकीच्या पेशी चार दिवसांच्या पाहुण्या असल्या तरी या वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून बिघाड साठतो तो बहुतेक यांच्यातच. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये उंदराच्या जठराच्या खालच्या भागातल्या अशा पेशी एलजीआर५ नावाच्या खुणेवरून ओळखल्या, तेव्हापासून यावर जोरात काम चालू आहे.

बिघाड येतो कुठून? सगळ्यात मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो सापडतो आणि बहुतेकांना त्यातून कॅन्सर होत नाही, पण काहींच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते, मग अस्तर पातळ होतं, मग त्याची जातच बदलून आतड्यासारखं होतं आणि त्यातून पुढं कॅन्सर. याला पंधरा-वीस वर्षं पण लागू शकतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९४ मध्येच त्याला नक्की कॅन्सर करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. बिडी-सिगरेट आणि फार खारट खाणं यानंही धोका वाढतो. तुम्ही लिहिलं की बाबांना वेळेवर दवाखान्यात नेलं नाही म्हणून तुम्हाला झोप येत नाही. भाऊ, हा आजार तुम्ही शाळेत असताना सुरू झालेला असू शकतो. गॅसच्या गोळ्यांनी वर्षभर लक्षण दबून राहिलं हे खरं, पण तो दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन आता ८ लाखांचं प्रायश्चित्त करू नका.

आता कॅन्सरच्या गाठीतल्या स्टेम सेलबद्दल, कारण सेंटरवाले याच शब्दाचा फायदा घेतात. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यात थोड्या पेशी अशा असतात की त्या एकट्या उरल्या तरी पूर्ण गाठ परत उभी करू शकतात. पोटाच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी सीडी४४ या खुणेवरून वेगळ्या काढता येतात असं २००९ मध्ये दाखवलं गेलं. तुम्ही कास्तकार आहात म्हणून एकच उदाहरण देते, काळ्या मातीतलं कुंदा हे तण. वरून कापला की वावर साफ दिसते, पण खाली गाठ राहिली की पंधरा दिवसांत परत वर. किमो जोरानं वाढणाऱ्या पेशींना मारते, आणि या मूळ पेशी बऱ्याचदा हळू वाढतात, औषध बाहेर फेकून देतात, म्हणून गाठ लहान झाल्यावरही कधी कधी आजार परत येतो. जगभरचे शास्त्रज्ञ स्टेम सेल स्टेम सेल म्हणतात ते या पेशींना मारायचं कसं हे शोधायला. आणि तुमचे जावई सांगतात ते काय, तर त्याच नावाच्या पेशी अजून आणून टाका!

त्यातही तुम्हाला एक गोष्ट कळली पाहिजे. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग आला होता. उंदरांच्या पोटात पायलोरीच्याच जातीतल्या एका जंतूची बाधा होती, आणि त्या सुजलेल्या जठरात हाडाच्या मगजातून आलेल्या पेशी जाऊन बसल्या आणि त्यातूनच कॅन्सर तयार झाला. उंदरात झालं म्हणजे माणसात तसंच होईल असं नाही, बाबांना तसं झालं असंही मी म्हणत नाही. पण कमरेच्या हाडातल्या पेशी काढून कॅन्सर असलेल्या अंगात सोडणं म्हणजे शक्तीची सलाईन लावण्यासारखं निर्धोक काम आहे, हे जे तुम्हाला सांगितलं जातंय, ते कोणत्या आधारावर सांगतात एवढं तरी विचाराच.

मग सिकलसेलवाला पोरगा? तो खराच बरा झाला असेल, त्यात मला शंका नाही, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल इतका आहे की ही आशा घरोघरी पोचलीय हे चांगलंच आहे. पण सिकलसेल हा रक्ताचा आजार, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीतच खोट असते, म्हणून त्या काढून जुळणाऱ्या भावाबहिणीच्या निरोगी पेशी बसवल्या की रक्त चांगलं बनायला लागतं. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, काही लिम्फोमा आणि मायलोमा यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बसवणं, हा रीतसर, मान्य उपचार आहे. बाबांचा आजार जठराच्या अस्तरात आहे, तिथं रक्त बदलून काही होत नाही. आणि त्या पोराच्या आईवडलांना एकदा विचारून पाहा, ट्रान्सप्लांटच्या आधी त्यालाही किमो दिली होती का. बहुतेक हो म्हणतील, कारण जुन्या पेशी काढायला तीच वापरतात. म्हणजे किमोशिवाय बरं होते हे त्या पोराच्या उदाहरणावरूनही निघत नाही.

तुम्हाला वाटेल ताई नव्या संशोधनाच्या विरोधातच आहे. अजिबात नाही. या पेशींना मारणारं औषध आलं तर मला किती आनंद होईल! नॅपाबुकॅसिन नावाचं औषध नेमकं याच कामासाठी आणलं होतं, वेगवेगळ्या देशांतल्या ७०० च्या वर पोटाच्या कॅन्सर पेशंटवर मोठी चाचणी झाली, नेहमीच्या किमोसोबत दिलं, आणि आयुष्य वाढलं नाही. तिथं कोणी खोटं बोललं नाही, नाही जमलं तर नाही जमलं म्हणून छापलं. खऱ्या संशोधनाची ओळख मला तरी हीच वाटते. दुसरीकडे स्टेम सेलच्याच ज्ञानातून आता प्रयोगशाळेत पेशंटच्या गाठीचं छोटंसं रूप वाढवतात आणि कोणतं औषध लागू पडेल ते त्यावर तपासून बघतात, हे काम अजून संशोधनातच आहे पण मला त्यातून फार आशा आहे. फक्त ते तुमच्या बाबांच्या पुढच्या महिन्याच्या किमोला पर्याय नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण ओळीओळीत दिसतेय. फुकट म्हणजे हलकं, ८ लाख म्हणजे भारी. भाऊ, सांगितलेला क्रम, ४ किमो, ऑपरेशन, ४ किमो, हा बहुतेक फ्लॉट नावाचा कोर्स असावा, डॉक्टरांना विचारून खात्री करा. जर्मनीत ७१६ पेशंटवर त्याची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. आधीच्या जुन्या किमोवर निम्मे पेशंट ३५ महिन्यांच्या पुढं जगले होते, फ्लॉटवर ते ५० महिने झालं. ही हमी नाही, बाबांचं काय होईल ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून दूर राहा. पण जर्मनीत जे देतात तेच तुमच्या बाबांना नागपुरात योजनेतून मिळतंय. पैसे सरकार भरते म्हणून औषध बदलत नाही.

बाबांच्या बाबतीत मला चांगली दिसणारी गोष्ट ही की आजार अजून लिव्हरमध्ये गेलेला नाही, म्हणजे पूर्ण काढून टाकण्याच्या इराद्यानं उपचार चाललाय. ही खिडकी कायम उघडी राहत नाही. सेंटरमध्ये दोन-तीन महिने गेले आणि तोवर आजार पसरला तर परत येऊन ऑपरेशन होईलच असं नाही. मला ८ लाखांपेक्षा जास्त भीती याची वाटते. अशा दोन-तीन महिन्यांनंतर परत आलेली माणसं मी पाहिलीत, डॉक्टर त्यांना काय ते सांगतात तेव्हा तिथं उभं राहवत नाही.

तरी जावयांना तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर त्या सेंटरला हे प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल. हा उपचार क्लिनिकल ट्रायल म्हणजे पेशंटवरची रीतसर चाचणी आहे का, असेल तर सीटीआरआय म्हणजे भारताच्या ट्रायल नोंदणीतला नंबर काय. नीतिमत्ता समितीची परवानगी कुठली. पोटाच्या कॅन्सरच्या किती पेशंटना दिला आणि निकाल कुठं छापला. किमो थांबवा असं कागदावर लिहून सही करणार का. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, रक्ताच्या आजारांतलं मान्य ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार प्रयोग समजायचा, आणि प्रयोगात पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे ट्रायल असेल तर ८ लाख कशाचे, आणि ट्रायल नसेल तर हे चाललंय काय? कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. जावयांवर रागवू नका, त्यांनी प्रेमापोटीच सांगितलं असेल, त्यांनाच हे प्रश्न पाठवा आणि उत्तर आणायला सांगा.

सेकंड ओपिनियन मात्र जरूर घ्या, त्यानं मन शांत होते. बायोप्सीच्या स्लाइड, मेणाचे ब्लॉक आणि सीटीची सीडी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, एम्स, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, इकडं वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी, यातल्या एका ठिकाणी उपचार चालू असेल तर दुसऱ्या ठिकाणी दाखवता येतं, फार वाटलं तर मुंबईला टाटा मेमोरियल. फक्त त्यासाठी किमो पुढं ढकलू नका. तिथं हेही विचारा की तुकड्यावर हर-टू आणि एमएसआय या तपासण्या झाल्यात का, कारण आजार पुढं सरकला किंवा परत आला तर कोणतं टार्गेटेड औषध किंवा इम्युनोथेरपी चालेल ते त्यावरून ठरते. ऑपरेशनचं लोखंड लागलं की कॅन्सर पसरते, असं गावात कोणी म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा आणि पुढं चला. जठराच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन हाच बरा होण्याचा मुख्य रस्ता आहे.

पैशाचं खरं काम इथं आहे. योजनेत किमो-ऑपरेशन बसलं तरी गाडीभाडं, नागपुरात राहणं, सोबतच्याची मजुरी, बाहेरच्या तपासण्या, खाणंपिणं हे सगळं खिशातून जाते, आणि ते कित्येक महिने चालणार. महात्मा फुले योजनेच्या डेस्कवर आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड-आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा आणि काय बसते काय नाही ते लिहून घ्या. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, धर्मशाळा आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म तिथं कळते. पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या हंगामात बाबा वावरात नसतील, त्याची सोय आत्ताच एखाद्या भावबंदासोबत बोलून ठेवा. ऑपरेशननंतर बाबा पहिल्यासारखं ताटभर जेवणार नाहीत, थोडं थोडं सहा-सात वेळा खातील, पूर्ण जठर काढलं तर बी-१२ ची इंजेक्शनं कायमची लागतील. आत्तापासून वजन टिकवा, अंडं, वरण, दूध, कण्या जे उतरेल ते द्या, हे बंद ते बंद असं पथ्य गावातल्या कोणाच्या सांगण्यावरून करू नका, डाएटिशियनला विचारा. आणि घरात थर्मामीटर ठेवा. किमोनंतर १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी दवाखाना. तेवढ्यासाठी गावात कोणाची गाडी कधीही निघेल हे आधीच ठरवून ठेवा.

आता बाबा. त्यांना अल्सर सांगितलंय आणि त्यांच्याच नावावरचं वावर विकायचं चाललंय, तेही त्यांच्याच उपचारासाठी, आणि सही त्यांनाच करायची आहे. भाऊ, सहीच्या वेळी काय सांगणार होता? तुम्ही त्यांना जपताय हे मला कळते, आपल्याकडे बहुतेक घरात असंच करतात, कॅन्सर ऐकलं की माणूस हाय खाऊन जाईल असं वाटते. पण किमोच्या हॉलमध्ये चारी बाजूला कोण बसलंय ते बाबांना दिसणार आहे, केस जाणार आहेत, ५८ वर्षांच्या कास्तकाराला ते कळणार नाही का? बऱ्याच घरात मी हेच पाहिलं की पेशंटला केव्हाच कळलेलं असते आणि तो पोरांना त्रास नको म्हणून न कळल्यासारखं दाखवतो, दोन्हीकडून लपवालपवी. मग त्याला ताप आला तरी सांगत नाही, उलटी झाली तरी सांगत नाही.

एकदम सगळं सांगा असं मी म्हणत नाही. विचारून सुरुवात करा, बाबा, रिपोर्टबद्दल तुमाले किती सांगू? ते म्हणाले तूच पाय, मले नको सांगू, तर तोही त्यांचा निर्णय. म्हणाले सांग, तर डॉक्टरांसमोर बसून सांगा, आणि त्याच वेळी हेही सांगा की उपचार आहे, ऑपरेशनचा बेत आहे. मग वावराचं त्यांना विचारा. माझा अंदाज आहे की विकू नको असंच ते म्हणतील, पण माझ्या अंदाजापेक्षा त्यांचं तोंडचं उत्तर तुमच्या जास्त कामाचं आहे. लोकं काय म्हणतील हा प्रश्नही तिथंच सुटेल. निर्णय बाबांनी घेतलाय म्हटल्यावर गावाला बोलायला काय उरते.

आणि लोकांचं म्हणाल तर, तुम्ही बापाला वाचवायला काय केलं याची मोजणी एकरात होत नाही. प्रत्येक किमोला सोबत जाणं, रात्री उठून ताप पाहणं, योजनेच्या रांगेत उभं राहणं, हे करणारं पोरगं वॉर्डात ओळखू येते, आणि बाबांनाही येईल.

राहिलं एक, तुमच्या स्वतःसाठी. आईबाप किंवा भावाबहिणीला पोटाचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका वाढतो, म्हणून तुम्ही आणि तुमच्या बहिणीनं पायलोरीची तपासणी करून घ्या, शौचाच्या किंवा श्वासाच्या टेस्टनं कळते. निघाला तर साधारण १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो, तो पूर्ण करायचा, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, आणि संपल्यावर जंतू गेला का ते परत तपासायचं. कोरियात अशाच घरातल्या लोकांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, ज्यांना पायलोरीचा उपचार दिला त्यांच्यात पोटाचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरात पोटाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनीही हे करा, आणि महिनोन्महिने गॅसच्या गोळ्या चालू असतील, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर गोळी बदलण्याआधी दुर्बिणीची तपासणी करा. तुम्ही बाबांच्या पहिल्या किमोच्या दिवशीच तिथल्या पोटाच्या डॉक्टरांना तुमच्या टेस्टचं विचारून घ्या, वेगळी फेरी पडणार नाही.